हे म्हणणे खरे नाही की…

मामांना समन्स आलं तेव्हा ऊसतोड ऐन भरात होती. सहा वर्षांपूर्वी गावाच्या शिवेवर मारामारी झाली होती, एक जण जबर जखमी झाला होता. पोलीस आले, रस्त्याने चाललेल्या मामांना त्यांनी हाक मारली, पंच म्हणून उभं केलं, एक कोयता जप्त केला आणि कागदावर मामांची सही घेतली. मामांच्या लेखी विषय तिथंच संपला होता. आता बारामतीच्या सत्र न्यायालयातून बोलावणं आलं. साक्षीला हजर राहा, सकाळी अकरा वाजता.

इंदापूरहून एसटी धरली. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, टोपी नवी होती. निमगाव केतकी गेलं, भवानीनगरच्या साखर कारखान्याची चिमणी दिसली, तेव्हा ते हळूच म्हणाले, “काय रं, पिंजऱ्यात उभं करून लई आडवंतिडवं इचारत्यात का?” मग थोड्या वेळानं, “गीतेवर हात ठेवाय लागतोय म्हनून मी काय बी न खाता निघालोय.”

मामांनी आयुष्यात कोर्टाची पायरी चढली नव्हती. त्यांच्या मनातलं कोर्ट टीव्हीवरचं होतं. सोनी टीव्हीवर २०१० साली सुरू झालेली ‘अदालत’ त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. रोनित रॉयचा के. डी. पाठक काळ्या कोटात येरझारा घालतो, साक्षीदाराच्या तोंडाजवळ तोंड नेतो, एकच प्रश्न असा टाकतो की खरा गुन्हेगार जागच्या जागी कोसळतो. त्या दिवशी बारामतीला जे पाहिलं, त्यानंतर टीव्हीवरचं कोर्ट आणि खरं कोर्ट या दोन्हींबद्दल माझं कुतूहल थांबलेलं नाही. ते जितकं उलगडत जातं तितका मी थक्क होतो.

पहिली गोष्ट, गीता नव्हती. शपथेबद्दलचा आपला कायदा १९६९ चा आहे आणि त्यात कोणताही ग्रंथ हातात देण्याची अट नाही. ईश्वराला स्मरून, किंवा नुसतं गांभीर्यपूर्वक, खरं सांगेन आणि खऱ्याशिवाय काही सांगणार नाही, एवढंच म्हणायचं. साक्षीदार बारा वर्षांखालचा असेल आणि खरं बोलायचं एवढं त्याला कळत असेल, पण शपथ म्हणजे काय ते कळत नसेल, तर शपथेवाचूनही त्याची साक्ष चालते. हे वाचलं तेव्हा मला कायदा करणाऱ्यांचं फार कौतुक वाटलं. पोराला खरं-खोटं कळतं, शपथ हा शब्द नंतर येतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

दुसरी गोष्ट, हातोडा नव्हता. टीव्हीवर न्यायाधीश लाकडी हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ म्हणतात. भारतातल्या कोर्टांत हातोडा नाही, ज्यांच्याकडून आपण ही पद्धत घेतली त्या इंग्लंडच्या कोर्टांतही नाही. तो अमेरिकेचा. आपल्याकडे शांतता होते ती न्यायाधीशांनी मान वर करून पाहिलं की. आणि ‘माय लॉर्ड’ही कुणी म्हणत नव्हतं. ‘साहेब’ म्हणत होते.

शिपायानं पुकारा केला. मामा पिंजऱ्यात चढले. सरकारी वकिलांनी सरतपास सुरू केला आणि मुद्देमाल पुढे आणला. टीव्हीवर हत्यार पारदर्शक पिशवीत चकाकत असतं. इथं एक खाकी कागदाचं बोचकं होतं, सुतळीनं बांधलेलं, गाठीवर लाखेचं सील, आणि वर एक चिकटवलेलं लेबल. सील फोडलं, कागद उलगडला. आतला कोयता गंजून तपकिरी झाला होता. इंदापूर तालुक्यात असा कोयता दर घराच्या वळचणीला सापडेल. मामा त्याच्याकडे पाहत राहिले. तो कोयता तोच की दुसरा, हे कुणाला सांगता येणार? मग त्यांनी लेबल पाहिलं. शाई उडत आली होती, पण खाली त्यांची सही होती, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला त्यांची ती सवयीची लांब रेघ. मामांचा चेहरा उजळला. “ही सही माजी हाय,” ते म्हणाले.

सारी यंत्रणा त्या सहीसाठी उभी असते. माणसाला सहा वर्षांपूर्वीचं लोखंड आठवणार नाही, हे व्यवस्थेला ठाऊक आहे. म्हणून पंचनामा जागेवरच लिहायचा, लेबलावर पंचांच्या सह्या घ्यायच्या, लाख लावायची. साक्षीदार वस्तू ओळखण्याआधी स्वतःला ओळखतो, आणि स्वतःच्या सहीवरून वस्तूकडे जातो. कोयत्याला निशाणी म्हणून नंबर मिळाला, पंचनाम्याला दुसरी निशाणी मिळाली. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “मला वाटलं हुतं कोयता बोलंल. सही बोलली.”

पण खरा चमत्कार उलटतपासात झाला.

आरोपीच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, “पोलिसांनी सांगितलं म्हणून तुम्ही कोऱ्या कागदावर सही केली, असं माझं म्हणणं आहे.” मामा तडकले, “नाय ओ साहेब! मी बघून सही केली.” मला वाटलं, आता खडाजंगी. वकील गप्प उभे राहिले. न्यायाधीश टंकलेखकाकडे वळले आणि एका लयीत सांगू लागले: “हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून कोऱ्या कागदावर सही केली.”

टकटक झाली. वाक्य कागदावर गेलं. पुढचा प्रश्न. पुन्हा तेच: “हे म्हणणे खरे नाही की, माझ्यासमोर कोणताही कोयता जप्त झाला नाही.” पुन्हा: “हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या दबावाखाली खोटी साक्ष देत आहे.”

मामा खाली आले तेव्हा भांबावले होते. “मी आसं कवा बोललो?” खरंच, ते तसं बोलले नव्हते. सत्र खटल्यात साक्ष न्यायाधीश स्वतः लिहितात किंवा लिहून घेतात, आणि सहसा ती प्रश्नोत्तराच्या रूपात नसते, साक्षीदाराच्या तोंडची सलग कथा असते. म्हणजे वकिलाचा प्रश्न आणि मामांचा नकार एकाच वाक्यात वितळवायचा आणि तो ‘मी’च्या तोंडी घालायचा. हे भाषांतरच आहे, बोलीतून कागदाच्या मराठीत, तेही उभ्या उभ्या. महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी असावी असं शासनानं १९९८ साली ठरवलं. पण मामांची मराठी आणि निशाणीची मराठी या दोन वेगळ्याच भाषा आहेत, आणि दिवसभर त्यांच्यामध्ये बसून पूल बांधणारा माणूस म्हणजे न्यायाधीश.

मग ‘हे म्हणणे खरे नाही की’ या पाच शब्दांचं प्रयोजन काय? मामांनी नाकारलंच आहे, तर कशाला लिहायचं? एका परिचित वकिलांनी समजावलं तेव्हा अंगावर काटा आला. आरोपीच्या बाजूचं म्हणणं साक्षीदाराच्या तोंडावर मांडावंच लागतं. ते मांडलं नाही, तर साक्षीदाराची ती गोष्ट बचाव पक्षाला मान्यच होती असं उद्या म्हटलं जाऊ शकतं. म्हणून वकील एकेक म्हणणं साक्षीदारासमोर ठेवत जातात. साक्षीदार एकेक नाकारतो. कागदावर नकारांची रांग लागते. आता गंमत पाहा. सगळ्या साक्षीदारांच्या साक्षींतून फक्त ही नाकारलेली वाक्यं वेचली आणि त्यांच्यापुढचं ‘हे म्हणणे खरे नाही की’ काढून टाकलं, तर काय उरतं? आरोपीची पूर्ण कहाणी. पोलीस खुन्नस धरून होते, पंच कोऱ्या कागदावर सही करून गेले, कोयता नंतर ठेवला. ही कहाणी कुणीच सांगितलेली नसते. शत्रूच्या साक्षीदारांच्या नकारांमध्ये ती विखुरलेली असते, आणि निकाल लिहिणारा ती तिथून गोळा करतो. मी कथा-कादंबऱ्या पुष्कळ वाचल्या. असला कथनाचा प्रकार दुसरीकडे कुठं पाहिला नाही.

आरोपी स्वतः तर बहुतेकदा गप्पच असतो. टीव्हीवर सरकारी वकील आरोपीला पिंजऱ्यात धरून सोलून काढतो. खऱ्या खटल्यात ते करताच येत नाही. कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही, हे संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदात आहे. आरोपीनं स्वतः लेखी मागणी केली तरच तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. एरवी पुरावा संपल्यावर न्यायाधीशच त्याला, शपथ न देता, विचारतात की तुमच्याविरुद्ध हे असं आलं आहे, काय सांगायचंय? कागदावर उत्तरं उमटतात: खोटे आहे. मला माहीत नाही. खोटे आहे.

भर कोर्टात रडत कबुली देणारा गुन्हेगार मग आला कुठून? त्याचा बराचसा माग कॅलिफोर्नियात लागतो. अर्ल स्टॅन्ली गार्डनर नावाचा माणूस वकिलांच्या कचेऱ्यांत राबत कायदा शिकला, १९११ साली वकिलीची परीक्षा पास झाला, आणि गरीब चिनी स्थलांतरितांचे खटले चालवायचा. रात्री तो गोष्टी लिहायचा. त्याच्या पेरी मेसनवर ऐंशीहून अधिक कादंबऱ्या झाल्या, आणि १९५७ पासून १९६६ पर्यंत अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर मालिका चालली, २७१ भाग. रेमंड बर हा मेसन व्हायचा. जवळपास प्रत्येक भागात अशील निर्दोष सुटायचा आणि कोर्टातच कुणीतरी दुसरा फुटायचा. शेवटच्या भागात स्वतः गार्डनर न्यायाधीशाच्या खुर्चीत बसला. के. डी. पाठक या मेसनच्याच कुळातला.

मला या साऱ्यात सगळ्यात कुतूहलाची वाटली ती ही गोष्ट, की या मालिका लिहिणारे कितीतरी जण आधी वकील होते. इंग्लंडमधला ‘रम्पोल’ लिहिणारे जॉन मॉर्टिमर बॅरिस्टर होते. अमेरिकेतल्या ‘एल. ए. लॉ’च्या दोन जनकांपैकी टेरी लुईस फिशर सरकारी वकील होत्या, आणि त्याच मालिकेत लिहायला आलेले डेव्हिड केली बोस्टनमधले वकील. बीबीसीवर २००८ साली ‘क्रिमिनल जस्टिस’ लिहिणारे पीटर मोफाट बॅरिस्टर. तीच मालिका २०१९ साली हिंदीत आली आणि पंकज त्रिपाठींचा माधव मिश्रा घराघरांत गेला. या लोकांनी कोर्टातला कंटाळा स्वतः भोगला होता. त्यातून कोणता कण उचलायचा हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्या मराठीत मात्र कोर्टाचं नाट्य टीव्हीच्या आधी रंगभूमीवर उभं राहिलं, आणि ते वकिलानं लिहिलेलं नव्हतं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६२ साली, आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ आलं, मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनात. लग्नाच्या नावाखाली अनेक बायकांना फसवणाऱ्या एका खऱ्याखुऱ्या भामट्याचं प्रकरण त्यामागे होतं. आरोपी निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे. साक्षीदार येतो, सांगू लागतो, आणि रंगमंच फिरतो. कोर्ट जातं, दिवाकर दातार येतो, कॅप्टन अशोक परांजपे येतो, राधेश्याम महाराज येतो, आणि सगळे प्रभाकर पणशीकरच. पुन्हा रंगमंच फिरतो, पुन्हा कोर्ट, आणि पिंजऱ्यात मख्ख चेहऱ्याचा लखोबा. आज टीव्हीवर साक्ष सुरू झाली की चित्र धूसर होऊन जुना प्रसंग दिसू लागतो, ते काम त्या फिरत्या रंगमंचानं लाकूड आणि चाकांवर करून दाखवलं होतं. प्रेक्षकाला मात्र मालिकेतल्यासारखी पळवाट नव्हती. समोर जिवंत माणूस शांतपणे ‘तो मी नव्हेच’ म्हणतो आहे आणि तोच तो, हे आपण आत्ताच डोळ्यांनी पाहिलं आहे. नाकारण्याच्या त्या तीन शब्दांना अत्र्यांनी नाटकाचं नाव केलं. बारामतीच्या कोर्टातून आल्यावर मला ते नाव वेगळंच ऐकू येऊ लागलं. पाच वर्षांनी, १९६७ साली, तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलं, त्यात तर खटलाच लुटुपुटीचा आणि शिक्षा खरी.

आणि मग चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. तो सिनेमा आहे, मालिका नव्हे, पण त्याच्याशिवाय हा विषय पुढं जात नाही. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यानं ‘ओरिझोन्ती’ विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पहिल्या चित्रपटासाठीचा असे दोन्ही सन्मान मिळवले, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही. तेव्हा ताम्हाणे सत्तावीस वर्षांचे होते. वीरा साथीदारांनी उभा केलेला लोकशाहीर नारायण कांबळे, त्याच्यावर आरोप असा की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून जीव दिला. या चित्रपटात कुणी ओरडत नाही. कॅमेरा खोलीच्या एका टोकाला ठेवल्यासारखा असतो आणि सगळी खोली एकाच वेळी दिसते. वकील, पोलीस, मागच्या बाकांवर आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारी माणसं. आणि न्यायाधीश, साक्षीदाराचं बोलणं आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगणारे! तो पाहताना मी खुर्चीत ताठ झालो. ज्या एका गोष्टीला सगळ्या मालिका कात्री लावतात, तीच ताम्हाणेंनी ठेवली होती. सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी कायद्याचं कलम एका सुरात वाचत जातात, संध्याकाळी मुलाला घेऊन घरी येतात, स्वयंपाक करतात. खटला त्यांच्यासाठी नोकरीचा दिवस आहे. मामांसाठी तो आयुष्यातला एकमेव दिवस होता. एकाच खोलीत हे दोन्ही दिवस असतात.

२०२२ साली प्राइम व्हिडिओवर ‘गिल्टी माइंड्स’ आली, दहा भागांची. तिच्या दिग्दर्शिका शेफाली भूषण म्हणजे शांती भूषण यांच्या कन्या. १९७५ साली इंदिरा गांधींची निवड रद्द करणारा खटला राजनारायण यांच्या बाजूनं लढवला तेच शांती भूषण. जिच्या घरात जेवताना खटल्यांवर बोलणं होत असणार, अशा बाईनं केलेली ती मालिका आहे आणि ते जाणवतं, वकील तिच्यात कागद वाचतात. त्यांच्या बरोबरीचे दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर, चंद्रपूरकडचे. त्यांनीच नंतर ‘स्थळ’ केला, ज्याला २०२३ च्या टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला. मुलगी पाहायला आलेले पाहुणे तिला ओळीनं प्रश्न विचारतात, नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आणि ती मान खाली घालून उत्तर देते. ‘स्थळ’ पाहताना मला सतत वाटत होतं, हा सरतपास आहे. कोर्टाच्या मालिकेतून आलेल्या माणसालाच तो पाटावर दिसू शकतो.

आता घरोघरच्या मालिकेकडे येतो. स्टार प्रवाहवर ५ डिसेंबर २०२२ ला ‘ठरलं तर मग’ सुरू झाली, सुचित्रा बांदेकरांची निर्मिती, मूळ तमिळ ‘रोजा’. जुई गडकरीची सायली, अमित भानुशालीचा अर्जुन सुभेदार, आणि अर्जुन वकील. आश्रमाचे मधुभाऊ खुनाच्या आरोपात अडकले आहेत, त्यांना सोडवायचं आहे. कायद्याच्या अभ्यासकाला या मालिकेत चुका सापडतील, सापडू देत. मला तिच्यात एक खरेपणा दिसतो, जो के. डी. पाठकच्या गोष्टींत कधी नव्हता. तो म्हणजे काळ. मधुभाऊंचा खटला दोन वर्षांहून अधिक चालला. रोजची मालिका लवकर संपूच शकत नाही, म्हणून तिच्यातला खटलाही संपत नाही. दरम्यान घरात सण येतात, भांडणं होतात, कुणी रुसतं, आणि मधूनच तारीख येते. खरा खटला असाच असतो! तो आयुष्याच्या बाजूनं चालत राहतो. मामांच्या त्या सहा वर्षांत त्यांच्या मुलीचं लग्न झालं, दोनदा विहीर आटली, बैलजोडी गेली आणि ट्रॅक्टर आला. कोयता तेवढा लाखेच्या सीलाखाली थांबून होता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आज्या रोज संध्याकाळी ‘आज तरी सुटतोय का मधुभाऊ’ म्हणत टीव्हीपुढे बसायच्या. ज्यांच्या घरातला माणूस खरोखर आत आहे, त्यांच्या तोंडी मी हेच वाक्य कोर्टाच्या आवारात ऐकलं आहे, याच सुरात.

खुनाशिवाय मालिकांना चालत नाही, हे खरं. आमच्या भागातलं कोर्ट मात्र बांधावर चालतं. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्या शेतांना मिळतं तिथं पाण्याच्या पाळीवरून, वाटेवरून, भावकीतल्या वाटपावरून दावे पडतात आणि आजोबांनी घातलेला दावा नातू चालवतो. वाटपाच्या दाव्यावर कुणी मालिका काढली तर तिला दहा वर्षं विषय पुरेल, आणि इंदापूर-बारामतीतलं एकही घर ती चुकवणार नाही. तसा बारामतीला युक्तिवादाचा वारसाही जुना. मोरोपंत (१७२९–१७९४) याच गावात राहिले, आणि त्यांची ‘केकावली’ म्हणजे देवापुढं केलेला अर्जच, पूर्वी कुणाकुणाला तारलंस त्याचे दाखले देत केलेली विनवणी. वकील मंडळी न्यायाधीशांपुढं जुने निवाडे ठेवतात, तेव्हा मला पंत आठवतात.

२७ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं घटनापीठांचं कामकाज थेट दाखवायला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी त्यात शिवसेनेच्या फुटीचं प्रकरण होतं. महाराष्ट्रानं मोबाइलवर खरं कोर्ट पाहिलं. पाहिलं ते काय? देशातले नामवंत वकील म्हणत होते, अमुक खंड, तमुक पान, तिसरा परिच्छेद. कागदांची सळसळ. कित्येकांना ते रटाळ वाटलं असेल. मला तिथं तोच लाखेचा वास आला. सगळं शेवटी कागदावर उभं असतं.

आणि इथंच कागदाची हार आहे, जी कायद्यालाही माहीत आहे. मामा लेबल पाहून क्षणभर थांबले, मग चेहरा उजळला, हे त्यांच्या साक्षीत कुठेही नाही. तिथं फक्त आहे: लेबलावरील सही माझी आहे. उद्या प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर तिथले न्यायाधीश एवढंच वाचतील. म्हणून कायदा खालच्या न्यायाधीशाला सांगतो की साक्षीदार कसा वागला, अडखळला का, हे महत्त्वाचं वाटलं तर लिहून ठेव. आणि म्हणून वरची कोर्टं पुन्हा पुन्हा म्हणतात, खालच्या न्यायाधीशानं साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलं आहे, आम्ही नाही. फितूर साक्षीदाराच्या वेळी हे फार लागतं. पोलिसांपुढचा जबाब त्याला वाचून दाखवतात आणि तो म्हणतो, ‘अ’ खूण केलेला मजकूर मी सांगितला नाही, पोलिसांनी तो कसा लिहिला ते सांगू शकत नाही. ठरलेलं वाक्य, हजारो साक्षींत तेच. पण ते म्हणताना एकाची नजर आरोपीच्या भावाकडे जाते, दुसऱ्याची जमिनीकडे. कागदावर दोघं सारखेच.

टीव्हीवाल्यांकडे नेमका हाच चेहरा आहे. कॅमेरा जवळ जातो, ओठ थरथरलेला दिसतो, डोळे कुठं वळले ते कळतं. मालिकांनी सोडून दिला तो कागद आणि कोर्टाला पकडता येत नाही तो चेहरा. ज्यांना दोन्ही धरता आले, ताम्हाणेंना, अत्र्यांना त्या फिरत्या रंगमंचावर, सोमलकरांना एका पाटाभोवती, त्यांचं काम मी परत परत पाहतो.

साक्ष संपल्यावर मामांना ती वाचून दाखवली. वाचून दाखविले, बरोबर आहे. त्यांनी सही केली, शेवटच्या अक्षराला तीच लांब रेघ. परतीच्या एसटीत ते भजी खाऊन झोपले.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. टीव्हीवर कुठल्याशा मालिकेत कोर्ट रंगलं होतं. वकील गरजत होता, साक्षीदार रडत होता, कॅमेरा गरगर फिरत होता. मामा पुढं सरकून पडदा निरखत होते, डावीकडं, उजवीकडं, न्यायाधीशाच्या खालच्या बाजूला. मला वाटलं, चष्मा बदलायला झाला असावा.

“मामा, काय शोधताय?”

“आरं,” ते नजर न हलवता म्हणाले, “ह्यो येवढं बोलतुया, पन हितं लिहून कोन घेतंय?”